‘शिकून परत येईन’ : एका वचनाचा शंभर वर्षांचा हिशोब

मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत (आधी ब्रीच कँडीचं लिंकन हाऊस, २०११ पासून बीकेसी) विद्यार्थी-व्हिसासाठी गेलेल्या पोरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. शिक्षण झाल्यावर काय करणार? उत्तर सगळ्यांचं पाठ असतं : भारतात परत येणार. क्लासवाले हे उत्तर घोटून घेतात. तसा बेत नाही हे पोराला माहीत असतं, बाहेर फाईल धरून उभ्या असलेल्या वडिलांना माहीत असतं, आणि काचेपलीकडच्या अधिकाऱ्यालाही त्याचा अंदाज असतोच.

यात पोरांना दोष देण्यासारखं काही नाही. कायदाच ते उत्तर मागतो. प्रश्न असा आहे, की ज्या देशाच्या कंपन्यांना ही पोरं हवी असतात, त्याच देशाचा कायदा त्यांच्याकडून परत जाण्याचं वचन का घेतो? याचं उत्तर इतिहासात आहे. आणि यंदा ज्यांच्या घरात कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसचे अर्ज भरणं चालू आहे, त्यांच्यासाठी तो इतिहास थेट पैशाचा विषय आहे. पोस्ट लांब आहे, सावकाश वाचा.

सुरुवात पुण्यातूनच करू. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट बोस्टनच्या एमआयटीत दाखल झाले. तिथे गेलेले ते पहिले भारतीय विद्यार्थी. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. टिळक-आगरकरांच्या वर्तुळातल्या ‘मराठा’ पत्राने तेव्हा एमआयटीविषयी लिहिलं, ते ‘असं तंत्रशिक्षण आपल्याकडे हवं’ म्हणून. परदेशी शिकायला जायचं ते विद्या इकडे आणण्यासाठी, हे गृहीतच होतं. इश्वरदास वार्ष्णेय जपान आणि एमआयटीत काचकाम शिकून आले आणि तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात त्यांनी ती विद्या लावली.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. करारात अट होती, की परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते अट पाळायला बडोद्याला आले. तिथे त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी खानावळीत राहिले, तिथूनही हाकलले गेले, आणि नोकरी सोडून मुंबईला परतले. हा प्रसंग आपल्याला माहीत असतो, पण शिक्षण आणि परतीच्या संदर्भात आपण तो वाचत नाही. शिकून आलेल्या माणसाने परत यावं असं वाटत असेल, तर त्याला सामावून घेणारी जागा इथे असावी लागते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता अमेरिकेची बाजू बघू.

१९१७ साली अमेरिकेने आशियाचा मोठा पट्टा आखला आणि तिथल्या लोकांना स्थलांतराची बंदी केली. भारत त्या पट्ट्यात होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. १९२४ च्या कायद्याने बंदी आणखी आवळली. विद्यार्थ्यांना मात्र सूट होती.

म्हणजे नियम असा झाला : शिकायला या, राहायला येऊ नका. ‘परत जाईन’ या वचनाचं मूळ इथे आहे. ज्यांना कायमचं घ्यायचं नाही अशा लोकांसाठी ठेवलेली ती एक फट होती. १९४६ मध्ये बंदी उठली, पण कोटा किती? अख्ख्या भारतासाठी वर्षाला १०० माणसं.

१९५२ च्या कायद्यात आजचा एफ-१ व्हिसा आला. त्याची व्याख्या साधारण अशी : ज्याचं परदेशात घर आहे आणि ते सोडून देण्याचा ज्याचा इरादा नाही असा विद्यार्थी. त्याच कायद्यातल्या कलम २१४ (बी) नुसार अर्जदार हा स्थायिक व्हायलाच आला आहे असं आधी धरायचं आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. आज ज्या पोराचा व्हिसा नाकारला जातो, त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा हेच कलम असतं. कायदा ७० वर्षांहून जुना, त्यामागची भीती शंभर वर्षांची.

मग आपली माणसं तिथे राहिली कशी? इथे कॉम्प्युटरचा प्रवेश होतो.

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. विज्ञान-शिक्षणात आणि संशोधनात सरकारी पैसा ओतला गेला. संरक्षण खात्याचा निधी विद्यापीठांच्या संगणक प्रयोगशाळांत आला. १९६२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात अमेरिकेतला पहिला स्वतंत्र कॉम्प्युटर सायन्स विभाग निघाला, १९६५ मध्ये स्टॅनफर्ड आणि कार्नेगीत. विभाग होते, पैसा होता, विद्यार्थी कमी होते.

नेमकं त्याच काळात आपल्याकडे आयआयटी कानपूर उभं राहत होतं. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं नऊ अमेरिकन संस्थांचा गट तिथे मदतीला होता. एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू ही त्यातली काही नावं. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० हा संगणक आला आणि विद्यार्थी त्यावर फोर्ट्रान शिकू लागले. सेमिस्टर, ग्रेड, अभ्यासक्रम, सगळं अमेरिकन वळणाचं. मुंबईत टीआयएफआरमध्ये आपण स्वतः बनवलेला टिफ्रॅक १९६० पासून चालू होता आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं. म्हणजे अमेरिकेत संगणकशास्त्र नुकतं बाळसं धरत होतं, तेव्हाच आपल्याकडे त्यात हात घातलेली मूठभर मुलं तयार होती, आणि तीही इंग्रजीतून शिकलेली.

मग ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नवा स्थलांतर कायदा सही केला. वंशानुसारचे कोटे गेले. देशामागे वर्षाला २०,००० ची मर्यादा आली आणि शिकलेल्या, कुशल माणसांसाठी वेगळं प्राधान्य. आशियातून फार कुणी येणार नाही असं कायद्याचे समर्थक सांगत होते. भारताचा कोटा मोकळाच पडलेला. त्यामुळे साठीच्या शेवटी एमएस किंवा पीएचडी केलेल्या भारतीयाला ग्रीन कार्ड आजच्या मानाने झटपट मिळे. ‘परत जाईन’ म्हणून गेलेला माणूस कायदेशीररीत्या, सरळ मार्गाने राहू शकत होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या पिढीच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला?

भारतात परकीय चलनाची एवढी टंचाई होती, की जाणाऱ्याला हातावर मोजून डॉलर मिळत. ‘खिशात आठ डॉलर घेऊन आलो’ ही त्या पिढीची लाडकी गोष्ट आहे आणि ती खरी आहे. पण आठ डॉलरमध्ये कुणाचं शिक्षण होत नाही. त्यांची फी माफ असे आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मानधन मिळे. तो पैसा बऱ्याच अंशी अमेरिकन सरकारचा, म्हणजे तिथल्या करदात्याचा. त्याआधीचं इकडचं शिक्षण आपल्या करदात्याच्या पैशाने झालेलं. घरच्यांनी फार तर विमानाच्या तिकिटासाठी कर्ज काढलेलं. ते लोक हुशार होते, कष्टाळू होते, यात वाद नाही. पण त्यांनी घर गहाण टाकलं नव्हतं. अपयश आलं असतं तरी ते बहुतेक तिकिटापुरतंच बुडाले असते.

त्या काळात जे परत आले त्यांनी काय केलं, हेही बघा. आर. नरसिंहन अमेरिकेतून टीआयएफआरला आले, त्यांच्या चमूने टिफ्रॅक बनवला. व्ही. राजारामन एमआयटी आणि विस्कॉन्सिन करून कानपूरला आले. त्यांची स्वस्तातली प्रोग्रॅमिंगची पुस्तकं अनेक पिढ्यांनी वाचली. एमआयटीत शिकलेले फकीरचंद कोहली टाटांकडे होते, आणि १९६८ मध्ये टीसीएस निघाली त्यामागची मूळ कल्पना मांडणाऱ्यांत ललित कनोडिया हे एमआयटीचेच. नरेंद्र पटनीही एमआयटीचे. त्यांच्या पुण्यातल्या कचेरीत नारायण मूर्ती काम करत होते आणि तिथूनच बाहेर पडून १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली.

हे लोक देशप्रेमाने आले असतील, नक्कीच. पण बाबासाहेबांना बडोद्यात जे मिळालं नाही ते यांना मिळालं : संस्था, यंत्र, हाताखाली माणसं, आणि राहायला जागा. टीआयएफआर नसतं तर नरसिंहन परत येऊन काय करणार होते?

आता महाराष्ट्राचा सांधा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच्या बऱ्या-वाईटावर ग्रंथ होतील, इथे एवढंच बघू. दोन गोष्टी घडल्या. एक, सांगली, कोल्हापूर, नगर, अमरावतीच्या पोरांना ‘कॉम्प्युटर’ची शाखा दारात आली. आणि दुसरी, शिक्षणासाठी घरच्यांनी मोठी रक्कम मोजायची असते, वेळ पडली तर जमीन विकायची असते, ही सवय मध्यमवर्गाच्या आणि बागायतदाराच्या अंगवळणी पडली. शिक्षण सरकारने द्यायचं, ही समजूत मागे पडली. पुढे परदेशाच्या फीचा आकडा ऐकून आपण दचकलो नाही, त्याची तयारी इथे झाली होती.

१९९० मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाला आजचं रूप दिलं. वर्षाला ६५,००० ची मर्यादा. आणि एक गंमत : एच-१बी वाल्याला ‘परत जाईन’ म्हणण्याची सक्ती नाही. त्याने तात्पुरतं काम करता करता कायमचं राहायची इच्छा धरली तरी कायद्याला चालतं. म्हणजे तोच मुलगा विद्यार्थी असताना परतीचं वचन देतो आणि नोकरी लागली की त्याच वचनातून सुटतो.

त्याच कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० ठेवली आणि एका देशाला त्यातली ७ टक्केच, म्हणजे ९,८०० च्या आसपास. त्यात बायको-मुलंही धरलेली. तेव्हा हा आकडा कुणाला खुपला नाही. मग वायटूके आलं, डॉटकॉम आलं. एच-१बीची मर्यादा वाढत वाढत १,९५,००० पर्यंत गेली. त्या चार-पाच वर्षांत गेलेले काका-मामा आज पन्नाशीत आहेत, आणि लग्नाकार्यात सल्ला देणारे बहुतेक तेच. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण ती खिडकी २००३ साली बंद झाली. मर्यादा पुन्हा ६५,००० वर आली आणि रांग लांबत गेली. आज भारतात जन्मलेल्या इंजिनिअरची ग्रीन कार्डची रांग दशकांत मोजावी लागते. लहानपणी इथून नेलेली मुलं तिथे २१ वर्षांची होतात आणि आई-बापाच्या व्हिसावरून बाहेर पडतात, तरी रांग संपत नाही.

आणि इथून ‘एमएस’ या पदवीचा अर्थच बदलला.

२००४ च्या कायद्याने अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी एच-१बीच्या २०,००० जादा जागा ठेवल्या. म्हणजे एमएसमुळे सोडतीत नाव लागण्याची शक्यता वाढली. शिक्षणानंतर वर्षभर काम करायची मुभा, जिला आपण ओपीटी म्हणतो, आधीपासून होती. २००८ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांसाठी तीत १७ महिने वाढवले आणि २०१६ मध्ये ते २४ केले. एकूण तीन वर्षं. तीन वर्षं म्हणजे सोडतीत साधारण तीनदा नशीब आजमावायची संधी.

मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलची पोरंसुद्धा कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्सच्या एमएसला का जातात, त्याचं एक मोठं कारण इथे आहे. नोकऱ्या तिथे होत्या. पदवी दोन वर्षांची, पण घरच्यांनी पैसे मोजले ते पुढच्या तीन वर्षांसाठी. विद्यापीठांनाही हे कळलं. पीएचडीवाल्याला आजही बहुतेक ठिकाणी फी माफ आणि मानधन मिळतं. एमएसवाला मात्र गिऱ्हाईक आहे. ज्या पिढीला अमेरिकन करदात्याने शिकवलं तिची गोष्ट ऐकून आपण जातो, आणि आता अमेरिकन विद्यापीठाचा खर्च आपलं घर गहाण टाकून आपणच भागवतो. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९ नंतर पहिल्यांदाच भारताने चीनला मागे टाकलं. पेपरात ती अभिमानाची बातमी म्हणून आली.

इकडे आपल्या बाजूनेही दारं उघडली गेली. २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली, तीत परदेशासाठी १५ लाखांची मर्यादा होती. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली, ती आज २,५०,००० आहे. आठ डॉलरपासून अडीच लाख डॉलरपर्यंत. मात्र डॉलरही १९६६ च्या साडेसात रुपयांवरून २०२५ संपताना नव्वदीला टेकला.

आता कागद-पेन घ्या. समजा ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता साधारण ५५,००० रुपये. यात शिकतानाचं साठलेलं व्याज धरलेलं नाही. पुण्यात किंवा नागपुरात नव्या इंजिनिअरला मोठ्या आयटी कंपनीत आजही साडेतीन-चार लाखांचं वार्षिक पॅकेज मिळतं, म्हणजे हातात महिन्याला तीस हजारांच्या आतबाहेर. परत आलेला एमएस त्यापेक्षा बरंच जास्त मिळवेल, मान्य. तरी हा हप्ता रुपयातल्या पगारातून फेडणं म्हणजे कंबर मोडणं. कर्जाची सगळी रचनाच ‘पोरगा तिथे राहील आणि डॉलरमध्ये कमवेल’ या गृहीतावर उभी आहे.

थोडक्यात, व्हिसाच्या अर्जात ‘परत येणार’, आणि बँकेच्या हिशोबात ‘परत येणार नाही’. या दोन कागदांच्या मध्ये बावीस-तेवीस वर्षांचं पोर उभं आहे.

२०२५ मध्ये काय झालं ते ताजं आहे. मे महिन्यात विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा सोशल मीडियाची तपासणी आली. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्याच्या मुक्कामाला चार वर्षांची वरची मर्यादा घालायचा प्रस्ताव आला. १९ सप्टेंबरला एच-१बीच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरची फी जाहीर झाली. तिथेच शिकून तिथेच व्हिसा बदलणाऱ्याला ती लागू नाही असा खुलासा पुढच्या महिन्यात झाला, पण तोवर किती घरांत झोप उडाली असेल! सोडतीत जास्त पगारवाल्याला झुकतं माप द्यायचा प्रस्तावही त्याच वर्षीचा. नुकत्याच पास झालेल्याचा पगार कमीच असतो, त्यामुळे त्याचा फटका कुणाला, हे सांगायला नको. त्यात तिथल्या कंपन्यांनी नवख्यांची भरती आखडती घेतलेली.

हे सगळं एका माणसाच्या लहरीने झालं असं समजू नका. शंभर वर्षांचा आलेख बघितला तर अमेरिकेचं दार गरजेनुसार उघडलं आणि रागानुसार मिटलं आहे. १९१७ ला मिटलं, १९६५ ला उघडलं, १९९८ ला आणखी उघडलं, २००३ ला आखडलं, २००८ ला वेगळ्या बाजूने फट केली. प्रत्येक वेळी आपण म्हटलं, आमच्या गुणवत्तेमुळे. गुणवत्ता होतीच. पण ती १९३५ मध्येही होती, तेव्हा दार बंद होतं.

मग जाऊ नये का? असं मी म्हणत नाही. पीएचडीची फी माफ होत असेल, मानधन मिळत असेल, तर डोळे झाकून जावं. कॉम्प्युटर सायन्सचं शिक्षण तिथे आजही उत्तम आहे. पण कर्ज काढून एमएसला जाणार असाल तर घरात बसून एक हिशोब मांडा : पदवी मिळाली आणि व्हिसा मिळाला नाही, तर हा हप्ता भारतातल्या पगारातून फिटेल का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल जा. ‘नाही’ असेल तर कर्ज कमी करा, स्वस्त विद्यापीठ बघा, जर्मनीसारख्या नाममात्र फीच्या देशांचा विचार करा, किंवा दोन वर्षं नोकरी करून मग जा. काका १९९९ मध्ये कसे गेले हे विचारू नका. यंदाचे नियम काय आहेत ते विचारा.

आणि आपल्या सरकारांनाही एक विचारायला हवं. किती विद्यार्थी बाहेर गेले याचा आकडा संसदेत मिळतो. पण शिकून, कर्ज घेऊन, व्हिसा न मिळाल्याने परत आलेल्या पोराचं इथे काय होतं, यावर किती चर्चा होते? राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, ती दरवर्षी काही मोजक्या मुलांना मिळते, चांगलीच गोष्ट आहे. बाकीच्यांच्या वाट्याला बँक आणि एजंट. त्या जोडीला परत येणाऱ्यासाठी प्रयोगशाळा, संशोधनाच्या जागा, विद्यापीठांतली वर्षानुवर्षं रिकामी पदं भरणं, हे कुणाच्या जाहीरनाम्यात दिसतं का? कानपूर आणि टीआयएफआर गरीब देशाने उभं केलं होतं. आज आपण त्यापेक्षा नक्कीच श्रीमंत आहोत.

‘परत येईन’ हे वचन अमेरिकेने मागितलं, आणि शंभर वर्षं ते तिच्याच सोयीने पाळलं किंवा मोडलं गेलं. यंदाच्या बॅचमधली बरीच मुलं ते पाळणार आहेत, मनात असो वा नसो. ती येतील तेव्हा त्यांना ‘जमलं नाही वाटतं’ असं विचारू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.